फडताळवाल्यांचा पाहुणा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पुण्यात आमच्या बैठका होत, तेव्हा कुणी ना कुणी विचारायचं, "काका, तुम्ही खेड्यातल्या वाचनालयांबरोबर काम सुरू केलं होतं ना? ते का थांबलं?" माझं उत्तर ठरलेलं असायचं: "लोक टिकत नाहीत हो." इतक्या वेळा दिलं की पुढं पुढं ते मलाही खरं वाटू लागलं. गेल्या हिवाळ्यात मी नगर जिल्ह्यात तीन दिवस राहून आलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलं आहे. तिथं काय पाहिलं, काय खाल्लं, कोण भेटलं ते लिहितोच. पण गेलो होतो एका कामासाठी, आणि ते काम आधी सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी मी 'कपाट' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. छोट्या वाचनालयांसाठी: कोणतं पुस्तक कुठं आहे, कुणी नेलं, कधी परत येणार. तो ओपन सोर्स ठेवला. म्हणजे कुणीही फुकट वापरावा, आतली सगळी मांडणी उघडून पाहावी, हवी तशी बदलावी, आणि बदल चांगला जमला तर आमच्याकडे पाठवून द्यावा. हळूहळू भोवती माणसं जमली. पगार कुणालाच नव्हता. अशा कामात नव्या माणसांसाठी काही सोपी कामं मुद्दाम राखून ठेवायची पद्धत असते. जुन्या माणसाला ती अर्ध्या तासाची असतात, पण त्यानं ती करायची नसतात. नव्याचा हात बसावा म्हणून ती तशीच सोडायची असतात.

असं एक काम वंदना नावाच्या मुलीनं घेतलं. बेलापूरच्या पुढच्या एका गावात बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत वाचनालय होतं, ते ती सांभाळायची. गावात सभासद स्वतः पुस्तक न्यायला येतोच असं नाही, आजीचं पुस्तक नात नेते, मास्तरांचं शेजारी नेतो, तेव्हा प्रोग्राममध्ये 'हस्ते' अशी एक जागा हवी, हे तिनंच आम्हाला कळवलं होतं. मी म्हटलं, तुम्हीच करा. ती करू लागली. प्रोग्रामिंग ती तेव्हाच शिकत होती. वीज असेल तेव्हा, वाचनालयाचा कॉम्प्युटर मोकळा असेल तेव्हा. महिना गेला, वर आणखी काही दिवस गेले. ती ईमेलवर शंका विचारायची, मी उत्तर द्यायचो. मग एका सकाळी चहा पिता पिता मी ते काम स्वतःच करून टाकलं आणि तिला कळवलं, "झालं आहे. तुम्ही त्रास घेऊ नका, दुसरं काम निवडा." दोनच दिवसांनी तिचं पुरं झालेलं काम आलं. मी ते न उघडता 'आधीच झालं आहे' असा शेरा मारून बंद केलं. त्यानंतर तिचं एकही पत्र आलं नाही.

वर्षअखेरीच्या टिपणात मी लिहिलं की नवी आवृत्ती काढायची घाई होती, खेड्यातले स्वयंसेवक काम घेतात पण तडीस नेत नाहीत, शेवटी मलाच ते करावं लागलं. टिपण सगळ्यांना वाचायला खुलं होतं. त्यावरून आमच्या मंडळींनी खेड्यांसाठीची ती योजनाच बंद केली.

घाई नव्हती. ती आवृत्ती पुढं सहा महिने रेंगाळली, तीही माझ्याच आळसानं. मी ते काम का उरकलं हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या कुणाचा हात फिरतो आहे, हे मला बघवत नव्हतं. आमंत्रण असं नाव देऊन माणसाला घरात बोलवायचं आणि त्यानं खुर्ची सरकवली की कपाळाला आठी घालायची, तसला प्रकार.

निघायच्या आधी मी वंदनाचं ते बंद केलेलं काम पहिल्यांदा उघडून पाहिलं. ते माझ्यापेक्षा सरस होतं असं काही नाही. दोन चुका होत्या, नव्या माणसाच्या असतात तशाच. मी दाखवल्या असत्या तर तिनं दुपारभरात दुरुस्त केल्या असत्या.

आणि निघायचं कारण म्हणजे एक फोन. "काका, मी संदीप, केडगावहून. आमचं 'फडताळ' तुमच्याच 'कपाटा'तनं निघालंय. बेलापूरला नव्या लोकांचं शिबिर आहे. तुम्ही यावं असं सगळ्यांना वाटतं." आमच्या जगात ही रीतच आहे: ज्याला पटलं नाही त्यानं प्रत घ्यावी आणि वेगळी चूल मांडावी. तिला कुणी चोरी म्हणत नाही. 'फडताळ' नावाची अशी चूल आहे हे मी ऐकून होतो, पण कधी डोकावलो नव्हतो. मी विचारलं, कोण कोण असतं तुमच्यात? त्यानं चारपाच नावं सांगितली आणि म्हणाला, "आणि वंदनाताई. त्यांनीच तर सुरू केलं."

मी येतो म्हणालो. जायचं, तिला खरं काय ते सांगायचं, माफी मागायची, आणि परत यायचं.

केडगाव

पुण्याहून निघालेली गाडी केडगावला थांबली तेव्हा ऊन उतरत होतं. संदीप मोटारसायकल घेऊन उभा होता. तिशीतला, एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी, अंगावर कंपनीचाच गणवेश. माझी पिशवी त्यानं पुढं टाकीवर ठेवली आणि गल्लीबोळांतून घरी नेलं. घरी पोचल्यावर लक्षात आलं की लॅपटॉपचं चार्जर गाडीतच राहिलं. माझा लॅपटॉप जुना, त्याची पिन कुणाच्याच चार्जरशी जुळेना. संदीपनं दोन दुकानं पालथी घातली. शेवटी म्हणाला, "जाऊ द्या काका. तसंही तिथं तुम्हाला लागणार नाही." हे तो समजूत घालायला म्हणतो आहे असं मला वाटलं. नंतर कळलं की तो खरंच सांगत होता.

त्याच्या आईनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. आमच्याकडे पुण्यात हा पदार्थ आता कुणी करत नाही. करायचं ठरवलं तरी पीठ वळायला घरात माणसं लागतात. त्या माउलीनं ते एकटीनं वळले होते. वाफाळत्या ताटलीत शेंगोळे, वर कच्चं तेल, बाजूला बाजरीची भाकरी. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तशी त्या खूश झाल्या.

"आई, ह्यांनीच 'कपाट' लिहिलंय," संदीप म्हणाला. "मी ह्यांचंच वाचून शिकलो."

"व्हय? मंग येवढे दिवस इकडं का न्हाई आलात?"

त्यांना नुसतं विचारायचं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो.

"कामं असतात गं त्यांना," संदीपनंच उत्तर दिलं.

"कामं कुनाला नसत्यात," त्या म्हणाल्या आणि आणखी शेंगोळे वाढले.

संदीपशी बोलताना मी आडून आडून चाचपडलं. 'फडताळ' वेगळं का झालं, हे त्याला माहीत आहे का? त्याला वाटत होतं की पुण्याचे लोक मोठ्या वाचनालयांकडे वळले म्हणून इकडच्यांनी आपलं आपण बघितलं. वंदनाताईंनी त्याला कधी दुसरं काही सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

बेलापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपच्या मामाच्या गाडीनं निघालो. कारखान्यांचे दिवस होते. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर उसानं शिगोशीग भरून चाललेले, मागं लाल कापडाची चिंधी, आणि आत बेफाम गाणी. राहुरीच्या पुढं हवेत मळीचा वास सुरू झाला. मला तो सहन होईना, संदीपला तो येतच नव्हता. रस्त्यात पेरू घेतले. विकणाऱ्या बाईंनी न विचारता चार फाकी करून मीठ-तिखट भुरभुरलं. पुण्यात आधी भाव विचारतात.

शिबिर एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मला अशा शिबिरांचा अनुभव आहे. आम्ही पडद्यावर तक्ते दाखवतो, प्रोग्रामची रचना समजावतो, मग विचारतो, कुणाकुणाला कोणती भाषा येते? ज्यांना येत नाही ते जेवणानंतर दिसत नाहीत. इथं पडदाच नव्हता. नवी माणसं आली होती: कॉलेजच्या मुली, एक शिक्षिका, दोन-तीन पोरं, आणि पन्नाशीचे एक गृहस्थ, डोक्याला टोपी, भुवयांवर पिठाचा पुसट थर. ते जवळच्या गावचे भाऊसाहेब. पिठाची गिरणी चालवतात आणि गावच्या वाचनालयाचे सचिव आहेत. चहा झाला आणि संदीपनं सगळ्यांना एकच गोष्ट विचारली: "तुमच्या वाचनालयातनं पुस्तक घरी कसं जातं, ते सांगा."

भाऊसाहेब म्हणाले, "आमच्यात पुस्तक दळनाबरूबर जातं. मी डब्यावर ठिवून देतो. दळन न्यायला येनारा घेऊन जातो."

"आणि परत?"

"परत बी दळनाबरूबर. पान पांढरं झालेलं आसतं येवढंच."

सगळे हसले. कुणी काय शिकलंय, कुणाला काय येतं, हे दुपारपर्यंत कुणी कुणाला विचारलं नाही. मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. मी संदीपला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, पण ह्यांची पातळी कशी कळणार?" तो म्हणाला, "काम करायला लागले की कळतीच की काका."

मग दुसरी रीत पाहिली. प्रत्येक नव्या माणसाला प्रोग्रामची एक स्वतंत्र प्रत काढून देतात आणि सांगतात: बिघडवा. जेवणापर्यंत जो जास्तीत जास्त बिघडवेल त्याचा सत्कार. मला ते पटेना. पण पाहिलं तर हळूहळू पोरी-पोरं मोकळी झाली, हसायला लागली, मुद्दाम वेड्यावाकड्या तारखा टाकायला लागली. भाऊसाहेबांनी बाजी मारली. त्यांनी एकच पुस्तक एकाच वेळी सगळ्या गावाच्या नावावर टाकलं आणि नंतर त्या पुस्तकाचीच नोंद पुसून टाकली. प्रोग्राम जागच्या जागी थिजला.

"समद्या गावाकडं हाय आन कुनाकडंच न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "गावात आसंच आसतंय."

टाळ्या पडल्या. त्यांनी जिथून बिघडवलं ती जागा माझ्याच हातची होती, पहिल्या आवृत्तीपासूनची. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. बिघडवलेली जागा दुरुस्त करणं हेच त्या माणसाचं पहिलं काम. त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर कामापुढं खडूनं लिहितात, आणि नियम असा की ते नाव ज्याचं त्यानंच पुसायचं. दुसऱ्या कुणी त्या कामाला हात लावायचा नाही.

फळ्यावर एक नाव जुनं दिसत होतं, खडू फिका पडलेला: 'अश्विनी'. समोर लिहिलं होतं, मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण करून देणं.

"हे काम पडून आहे का?" मी विचारलं.

"पडून नाही, चालू आहे. ती पाथर्डीकडची. आईवडलांबरोबर ऊसतोडीला गेलीय, पाडव्यानंतर येईल."

"तोवर?"

"तोवर असंच."

"पण लोकांना आठवण कोण करून देणार?"

"देतात की तोंडानं," संदीप म्हणाला. "आजवर देतच होते."

दुपारी मला भाऊसाहेबांच्या शेजारी बसवलं. मदतनीस म्हणून. तिसरी रीत तेव्हा कळली: शिकवणाऱ्यानं हात पाठीमागं ठेवायचे. तोंडानं काय हवं ते सांगावं, विचारावं, पण नव्या माणसाच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. लावलं तर त्या दिवशीचे चहाचे कप धुवायचे. हे सगळं इतकं पोरखेळासारखं होतं की मी हसून हो म्हटलं.

भाऊसाहेब एका बोटानं टाइप करतात. अक्षर शोधतात, बोट वर धरतात, विचार करतात, मग दाबतात. मी हात मागं बांधून बसलो होतो. चूक कुठं आहे हे मला समोर दिसत होतं, आणि त्यांना ती सापडावी म्हणून मी प्रश्न विचारत होतो. "पुस्तकाची नोंदच नसेल, तर ते कुणाकडं आहे हे बघायला प्रोग्राम कुठं जाईल?"

"गिरनीत येईल," ते म्हणाले.

"भाऊसाहेब."

"इचार करू द्या की, नाना."

त्यांनी विचार केला. फार वेळ केला. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. ते योग्य ओळीपाशी आले, पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. माझा हात कधी सुटला मला कळलंच नाही. कीबोर्डवर पडला तेव्हा भाऊसाहेबांनी तो वरच्या वर धरला.

"नाना, माझी गिरनी हाय. चालू पट्ट्याला गिऱ्हाइकानं हात घातला तर मी काय म्हनायचं?"

हॉलभर हशा. मी कप धुवायला मागच्या नळावर गेलो.

तिथंच वंदनाताई भेटल्या. आम्ही कधी समोरासमोर भेटलो नव्हतो. चाळिशी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. आता त्या संगमनेरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. कॉलेज सुटल्यावर थेट आल्या होत्या. मी ओळख द्यायच्या आधीच म्हणाल्या, "सर, तुम्हालाही लागला दंड?"

सगळे मला काका किंवा नाना म्हणत होते. त्या पूर्वी पत्रात लिहायच्या तसंच सर म्हणाल्या.

"लागला," मी म्हटलं.

"मलाही लागतो अजून. अवघड आहे." त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवली आणि मी धुतलेले कप उपडे घालू लागल्या. आम्ही दोघंच होतो. याच्याइतकी चांगली संधी मिळणार नव्हती. मी म्हटलं, "वंदनाताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बोलू की. उद्या मी तुम्हाला संगमनेरला सोडते, तिथनं पुण्याला गाड्या भरपूर. वाटेत निवांत बोलू." आणि आतून कुणीतरी हाक मारली, तशा त्या गेल्या.

दिवस मावळता मावळता सगळे भाऊसाहेबांच्या रानात हुरडा खायला गेलो. आगटीभोवती बसलो. भाऊसाहेबांच्या मंडळी कणसं भाजून हातावर चोळत होत्या आणि गरम दाणे वाटत होत्या, बरोबर लसणाची चटणी. ज्वारीचा तो गोड, दुधाळ दाणा मी लहानपणानंतर पहिल्यांदा खाल्ला. थंडी पडायला लागली होती. एका मुलीनं विचारलं, "ताई, नाव दुसऱ्यानं पुसायचं नाही, हा नियम कुणी काढला?"

"मीच," वंदनाताई म्हणाल्या. "मी पहिल्यांदा काम घेतलं ना, तेव्हा एक मोठे जाणकार होते. फार चांगले. माझी शंका कितीही येडी असली तरी उत्तर द्यायचे. पण त्यांना नवी आवृत्ती काढायची घाई होती आणि मी फार हळू. माझ्यामुळं सगळ्यांचं अडलं. शेवटी त्यांना स्वतःलाच करावं लागलं. त्यांचं काही चुकलं नाही. नंतर त्यांचं टिपण वाचलं, त्यातही त्यांनी तेच लिहिलं होतं. मग मला वाटलं, माझ्यासारखी हळू माणसं गावोगाव असणार. असं काहीतरी करू की हळू माणसामुळं कुणाचं अडणारच नाही. म्हणून तो फळा."

"मंग तुमी रडला का, ताई?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"रडले की. दोन दिवस. भाकरी करपवल्या, आईची बोलणी खाल्ली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहू नये म्हणून मुद्दाम विस्तवाकडे पाहत होत्या, असंही नव्हतं. त्यांच्या लेखी ही गोष्ट जुनी होती आणि तिच्यात वाईट वागलेलं कुणी नव्हतंच. मी मात्र ओंजळीत निवलेले दाणे घेऊन बसलो होतो. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती माझ्यावर चिडून गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला होता. आपण हळू आहोत, आपल्यामुळं अडतं, हे तिनं माझ्याकडून घेतलं आणि इतकी वर्षं बाळगलं. त्यातून तिनं काय उभं केलं ते दिवसभर मी पाहत होतोच. पण त्यामुळं माझं खोटं खरं होत नव्हतं.

तेव्हा नुसती माफी मागून भागणार नव्हतं. 'घाई नव्हती' हे दोन शब्द तिला सांगायलाच हवे होते.

संगमनेर

रविवारी दुपारी भाऊसाहेबांनी आपलं काम पुरं केलं. चूक त्यांनी स्वतः शोधली, माझ्या मनात होती त्याहून लांबच्या वाटेनं. दुरुस्ती चालते हे तीनतीनदा तपासून मग ते फळ्यापाशी गेले आणि आपलं नाव टोपीनं पुसलं. टोपीला खडू लागला. "पीठ न्हाई, खडू हाय," असं प्रत्येकाला सांगत त्यांनी निरोप घेतला, आणि मग वंदनाताईंच्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांना संगमनेरला गिरणीचा पट्टा घ्यायचा होता.

मी मागं बसलो. निवांत बोलू म्हणालेल्या वंदनाताई गाडी चालवत होत्या आणि भाऊसाहेब बोलत होते. प्रवरेच्या पट्ट्यातून रस्ता जातो. उसाची शेतं, मध्येच डाळिंबं, दूध घेऊन जाणारे टेम्पो, साखर कारखान्याची चिमणी. एरवी मी हे सगळं पाहत बसलो असतो. भाऊसाहेब विचारत होते की आता पुढचं कोणतं काम घेऊ, आणि हे घरी सांगितलं तर बायको म्हणेल बिनपगारी कुठं गेला होता. वंदनाताई म्हणाल्या, "हुरडा तर तिनंच चारला सगळ्यांना."

"म्हनूनच तर इचारंल."

मग वंदनाताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"सर, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"तेव्हा खरंच एवढी घाई होती का?"

भाऊसाहेब सीटवर अर्धे वळले. "म्हंजी? ते जानकार नानाच व्हय?"

"भाऊसाहेब, समोर बघा," त्या म्हणाल्या.

मी याच प्रश्नासाठी आलो होतो. मला काही जुळवायचं नव्हतं, सुरुवात कशी करू म्हणून अडायचं नव्हतं. तिनं दार उघडून दिलं होतं आणि 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. आरशात तिचे डोळे दिसत होते, पुढं भाऊसाहेबांचा कान माझ्याकडे लागलेला दिसत होता. ज्या माणसानं काल माझा हात धरला त्याच्यादेखत.

"होती," मी म्हटलं. "आवृत्ती अडली होती. पुष्कळ वाचनालयं वाट बघत होती."

वाचनालयं वाट बघत होती हे तर मी तिथल्या तिथं रचलं.

"हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. मधनंमधनं वाटायचं, दुसरं काही असेल का."

"मंग नानांचं काय चुकलं," भाऊसाहेब समजुतीनं म्हणाले आणि पट्ट्यांच्या किमतींकडे वळले.

संगमनेरच्या स्टँडवर वंदनाताई गाडीतून उतरल्या. भाऊसाहेब पट्टा घ्यायला गेले. पुण्याची गाडी लागलेली होती, पण सुटायला अवकाश होता. आम्ही दोघं उभे राहिलो. त्यांनी विचारलं, गुडघे दुखतात का, पुण्यात उतरल्यावर न्यायला कुणी येणार का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "सर, पुढच्या शिबिराला या. फळ्यावर तुमच्या नावानं एक काम लिहून ठेवते. कितीही वेळ घ्या."

मी हो म्हटलं. कंडक्टरनं दार लावलं आणि मी खिडकीतून हात केला.

पुण्याला आल्यावर मी त्या जुन्या टिपणाखाली खरं काय घडलं ते लिहिलं. ते सगळ्यांना दिसतं. खेड्यांसाठीची योजना पुन्हा सुरू करावी असंही आमच्या मंडळींना कळवलं, आणि बैठकीत कारण विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांना सांगणं जमलं. वंदनाताईंना तीनदा फोन केला. पहिल्यांदा अश्विनी आली का विचारलं. दुसऱ्यांदा भाऊसाहेबांनी नवं काम घेतलं का विचारलं. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "सर, तुम्हाला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, नाही, सहज. टिपणाखालचं त्यांनी वाचलं आहे की नाही मला माहीत नाही, आणि त्यांनी ते तसं परस्पर वाचावं असं मला वाटतही नाही. त्या गाडीत, त्या आरशात बघून जे म्हणायला हवं होतं आणि अजून म्हणायचं राहिलं आहे ते एवढंच:

नाही वंदनाताई, घाई नव्हती. कुणी वाट बघत नव्हतं, कुणाचं काही अडलं नव्हतं. तुम्ही हळू नव्हतात. शिकणाऱ्याला लागतो तेवढाच वेळ तुम्ही घेत होतात, आणि तो तुमचा होता. मला माझ्या कामात दुसऱ्याचा हात बघवला नाही, म्हणून मी तुमचं काम ओढून घेतलं, आणि ते झाकायला तुमच्याबद्दल खोटं लिहिलं. त्या दिवशी गाडीत तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटंच बोललो. मला माफ करा.